साठच्या पुढं न जाणारा महेमूद

घनसावंगी ते जालना या रस्त्यावर महेमूदइतका भित्रा ड्रायव्हर दुसरा नाही, आणि खरं सांगायचं तर त्या भित्रेपणावरच त्याचं घर चाललं. सात सीटची जुनी गाडी, वीस वर्षांचा धंदा, आणि काटा साठच्या पुढं सरकला की हा स्वतःच दचकणार. जीपवाले त्याला मागं टाकताना हात हलवून हसायचे. पण म्हातारीचे डोळे दाखवायला न्यायचे असोत की बाळंतीण लेक माहेरी आणायची असो, गावातला फोन जायचा तो महेमूदलाच. बियाण्याचे व्यापारी शांतिलालशेठ म्हणायचे, या गाडीत माणूस उशिरा पोचतो, पण पोचतो.

असा हा ताकही फुंकून पिणारा माणूस. त्यानं चूक केली ती नेमकी एकदाच, आणि तीही बिनधास्त.

गाडीचे चारही टायर गुळगुळीत झाले होते. त्यात सून सबाचे दिवस भरत आलेले, मुलगा शाहबाज पुण्यात कंपनीत, आणि जालन्यातल्या खाजगी दवाखान्याचा खर्च पुढं उभा. नव्या टायरांचा भाव ऐकून महेमूद दुकानातून निघायलाच लागला. तेव्हा नवीन जालन्यातल्या बबलू टायरवाल्यानं त्याला कोपऱ्यातले चार टायर दाखवले. कुणीतरी मोठ्या गाडीचे काढून टाकलेले, जवळजवळ कोरे, निम्म्या भावात. साइज मोठा आहे, पण रिंग तीच, असं बबलू म्हणाला.

आता टायरच्या अंगावर तीन आकडे असतात. आमच्याकडं शेवटचा तेवढा वाचतात, कारण तो रिंगचा, म्हणजे आतल्या लोखंडी चाकाचा. रिंग जुळली की टायर बसला. पहिले दोन आकडे कंपनीनं शोभेला छापले असावेत अशी सगळ्यांची समजूत, आणि महेमूद काही गावाबाहेरचा नव्हता. वजन टाकून एकदा बघून घ्या, एवढं बबलू म्हणाला होता. महेमूदनं बघितलं. एकट्यानंच मस्तगडापर्यंत चक्कर मारली, स्टेअरिंग दोन्हीकडं पुरतं वळवलं, कुठं काही घासलं नाही. आपली गाडी रिकामी कधीच धावत नाही, हे जन्मभर सगळ्याला भ्यालेल्या त्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. घरी येऊन त्यानं बायकोला, कमरबीला, सांगितलं की नवे टायर टाकले. साइजचं काही बोलला नाही.

दोन दिवसांनी शांतिलालशेठची नात कनिका त्याच्या शेजारी बसली होती. मोबाइलवरचा नकाशा बघत ती हसून म्हणाली, चाचा, आज तुम्ही चक्क पासष्टनं पळवताय. महेमूदनं काट्याकडं पाहिलं. काटा बरोबर साठवर होता. तुझा मोबाइल चुकतोय, असं तो म्हणाला खरा, पण थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात रस्ताही जास्त कापणार, आणि काट्याला त्याची खबर कुठून असणार. वीस वर्षं ज्याच्या भरवशावर सात-सात जीव वाहिले, तो काटाच खोटं बोलत होता. त्याच फेरीत अंबडच्या अलीकडं भरलेली गाडी खड्ड्यात आदळली आणि मागून घर्र असा आवाज आला. पाठोपाठ रबर जळाल्याचा वास. वजनानं गाडी खाली बसली होती आणि मोठा टायर वरच्या पत्र्याला घासला होता.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. प्रत्येक खड्डा त्याला आता छातीत लागायचा. टायर बदलायला पैसे नव्हते, आणि गाडी उभी केली तर दवाखान्याला पैसे नव्हते. बाळंतपण होऊ दे, मग बदलू, असं तो स्वतःला समजावत राहिला.

गुरुवारी सकाळी स्टँडवर गाडी भरत होती. शेठ, कनिका आणि भाजीवाली पुष्पाबाई बसलेच होते, तेवढ्यात घरून फोन आला की सबाला कळा सुरू झाल्या. महेमूदनं गाडी तशीच घराकडं घेतली. सबा आणि कमरबी मधल्या सीटवर बसल्या, आणि बहिणीसाठी दोन दिवसांपूर्वीच आलेला सबाचा भाऊ इजहार पुष्पाबाई आणि कनिकाजवळ मागं शिरला. गाडी गच्च भरली. तेव्हा एक शब्द बोलला असता तर दुसरी गाडी मिळाली असती. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. महेमूदला मरणाचं भय होतं, पण त्याहून मोठं भय लाजेचं निघालं.

अंबड मागं पडेपर्यंत त्याच्या पाठीला घामाची धार लागली. खड्डा आला की मागून घर्र, आणि लगेच सबाचं कण्हणं. कशाकडं लक्ष द्यावं ते त्याला कळेना. सावकाश जावं तर पोरगी गाडीतच बाळंत होणार, जोरात जावं तर टायर कधी दगा देईल याचा नेम नाही. मागून कनिका म्हणाली की काहीतरी जळतंय. महेमूदनं गाडी बाजूला घेतली, उतरला आणि मागच्या चाकाच्या वरून आत हात घातला. रबर तासून निघालं होतं. बोटांना आतले दोरे लागले. दुसऱ्या बाजूला तीच गत. स्टेपनी एकच होती. तो चाकाला धरूनच उभा राहिला.

दुसरी गाडी बोलवायची तर अर्धा तास. कमरबी आतून ओरडली की आता थांबू नका. महेमूदनं मागचं दार उघडलं.

“टायर चुकीचे बसवलेत म्या,” तो म्हणाला. “वजनानं घासून राह्यले. तुम्ही उतरलात तरच पुढं जाता येईल, न्हाई तर न्हाई.”

शांतिलालशेठ वीस वर्षं त्याची थट्टा करत आले होते. आज त्यांनी फक्त एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि नातीचा हात धरून खाली उतरले. पुष्पाबाई टोपली घेऊन उतरली. इजहार बहिणीला सोडायला तयार नव्हता, त्याला दोनदा विनवावं लागलं. चौघं उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि गाडी निघाली.

उरलेली वाट महेमूदनं काटा चाळीसवर ठेवून काढली. घासण्याचा आवाज थांबला होता, पण त्या शांततेचीच त्याला जास्त भीती वाटत होती. बोटांना लागलेले दोरे त्याला सारखे आठवत होते. दवाखान्याच्या दारात सबाला आत नेलं, तरी त्याला स्टेअरिंग सोडवेना. वॉचमननं काचेवर टकटक केली तेव्हा कुठं तो खाली उतरला.

तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप. शाहबाज पुण्याहून निघाला होता, त्यामुळं बाळाच्या कानात पहिली अजान द्यायचा मान आजोबाचा. महेमूदनं नळावर हात-तोंड-पाय धुऊन वजू केलं, डोक्याला रुमाल बांधला आणि खोलीच्या दारात आला. बस धरून आलेला इजहार तिथं भिंतीशी उभा होता. कमरबीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“तुमकू मालूम था क्या?” तिनं हळू विचारलं. “घरसे निकलते वखत?”

नाही म्हटलं असतं तर तिनं कदाचित मान्य केलं असतं. आजवर नवऱ्याच्या शब्दावर तिनं शंका घेतली नव्हती.

“था,” महेमूद म्हणाला.

कमरबीनं आवाज चढवला नाही. ती बाळाला घेऊन वळली आणि म्हणाली, “इजहार बेटा, तू दे अजान.”

इजहार दोघांकडं बघत क्षणभर घुटमळला, मग पुढं झाला. ओल्या हातांनी महेमूद दाराबाहेरच थांबला, आणि त्यानं अजान शेवटपर्यंत ऐकली.