तांबड्या वायरीचा घोळ

आमच्या वडिलांनी ट्रान्झिस्टर रॉकेलनं पुसला. आता यावर माणसानं बोलायचं तरी काय? कंदील पुसतात तसा आतून-बाहेरून लख्ख पुसला, आणि पुसताना तुटलेल्या वायरींची जुडी दोऱ्यानं बांधून माझ्या हातात दिली. धूळ फार झाली होती म्हणे. जामखेडात धूळ कधी नव्हती? पण ती त्यांना दिसली ताईचं पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

ताईनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. वडील शाळामास्तर, तिला गाणं शिकवलं त्यांनीच, आणि तिच्याशी अबोला धरला तोही त्यांनीच. पत्र आईला आलं होतं. त्यात लिहिलं होतं, येत्या गुरुवारी दुपारी साडेबाराला मी पुणे केंद्रावर गाणार आहे, ऐक. दोन वर्षांत पोरीचा आवाज कानावर पडला नाही, एवढंच आई मला म्हणाली आणि धान्य निवडायला बसली. माझ्या हातात पाच दिवस होते.

मी नगरला कारकून, रजेवर आलेलो. टपालानं रेडिओ दुरुस्ती शिकत होतो, तीही अर्धीच झालेली. त्या अर्ध्या विद्येनंच माझा घात केला. सर्किटच्या पाटीवर एक सामाईक जागा असते, तिला इंग्रजीत अर्थ, म्हणजे जमीन, म्हणतात. बहुतेक सगळ्या भागांचं एक टोक तिथं येऊन मिळतं. ती सापडली की निम्मं काम झालं. पुस्तकात छापलं होतं, अर्थ म्हणजे बॅटरीची वजा बाजू, काळी वायर. पाटीवर शिल्लक होती फक्त तांबडी, अधिक बाजूची.

कडेनं तांब्याचा एक रुंद पट्टा फिरला होता आणि स्टेशन लावायच्या बटणामागची पत्र्याची चौकट त्यालाच जोडलेली होती. म्हणजे अर्थ हाच. खात्रीसाठी बॅटरीचा सेल आणि छोटा बल्ब घेऊन तपासलं, तर पट्ट्यापासून तांबड्या वायरीच्या बुडापर्यंत बल्ब भक्क लागला! अधिक बाजू अर्थाला चिकटलेली. पुस्तकाप्रमाणे हा शॉर्ट, म्हणजे नको तिथं काहीतरी भिडलेलं. झालं, मी शॉर्ट शोधायला बसलो. तीन दिवस ब्लेडनं पाटी खरवडली, डोळे फोडून घेतले, शॉर्ट काही सापडेना. शेजारचे विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणारे काका डोकावून सांगून गेले, की जमिनीत सळई ठोक आन् वरून बादलीभर पानी वत, लगेच अर्थ मिळंल. प्यायला पाणी नव्हतं त्या साली, आणि हे सळईला पाजायला निघाले! वडील रोज येता-जाता म्हणत, नगरच्या दुकानात टाक, आठ दिवसांत देतील. आठ दिवसांत! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गुरुवारी अकराला मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं. आईनं ते उचललं, पदरानं पुसलं आणि विचारलं, काय अडलंय. मी चिडून सांगितलं, की पुस्तक म्हणतं वजा, बल्ब म्हणतो अधिक.

"बल्ब तुझ्यासमोर लागतोय ना?" आई म्हणाली. "पुस्तकवाल्यानं हा रेडिओ कधी पाहिला?"

मी पाटी पुन्हा उजेडात धरली. या जुन्या पद्धतीच्या सेटात अधिक बाजूच अर्थ होती. शॉर्ट नव्हताच कधी. इतकी साधी गोष्ट, आणि मी तीन दिवस गाढवासारखा पाटी खरवडत होतो. शेगडीत सोल्डरिंगचा कैया तापवला, स्पीकरच्या वायरी आणि स्विच जागेवर जोडले, शेवटी काळी वायर उरलेल्या टोकाला डाखली. खरखर सुरू झाली तेव्हा बारा चाळीस झाले होते आणि ताईचं गाणं निम्म्यावर आलं होतं.

आई सेटाला कान लावून बसली. वडील चपला घालून बाहेर निघाले होते, ते उंबऱ्यातच थांबले, आमच्याकडे पाठ करून. पाच-सात मिनिटांत गाणं संपलं. 

"श्वास पुरत नाहीये तिला," वडील पाठमोरेच म्हणाले. "तिची तब्येत बरी नाही."

आईनं रेडिओ बंद केला. वडिलांनी चपला काढल्या, आत येऊन फळीवरची पिशवी खाली घेतली आणि मला विचारलं, "पुण्याची यष्टी किती वाजता आहे रे?"