दैवशालेसाठी घर

झरी गावात कुणाची मुलगी लग्नाला आली की मुलाची चौकशी पुरुष करत, पण घर बघायला तानुबाईला नेत. हा रिवाज कुणी पाडला ते सांगता येत नाही. बहुधा तानुबाईनंच पाडला असावा. मुलाकडचे लोक दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांची तयारी करून निवांत झोपत आणि ही बाई आदल्या दुपारीच तीनच्या ठोक्याला, "जरा पानी द्या वो बाई, जीव चाललाय उन्हानं," म्हणत दारात उभी राही. पाणी कोण उठून आणतं, तांब्या आतून कसा आहे, परसात काय वाळत घातलंय, हे सगळं एका घोटात तिच्या ध्यानात येई. पण खरी परीक्षा कोपऱ्यात असे. घरातल्या म्हातारीजवळ बसून ती मायेनं तिचा हात हातात घेई आणि नखं बघे. "म्हातारीची नखं ज्या घरात कुनी काढत न्हाई, तिथं सुनंचं डोकं दुखलं तर गोळी कोन देनार?" हा तिचा सिद्धांत. या सिद्धांतापायी तिनं सेलूपासून पालमपर्यंत सव्वीस घरं नापास केली होती, आणि त्यातल्या निदान चार घरचे लोक ती बाजारात दिसली की अजूनही वाट बदलतात.

अशा बाईवर सत्तराव्या वर्षी स्वतःच्या घरातलं माणूस द्यायची पाळी आली. पोरगी नव्हे, धाकटी जाऊ. दैवशाला पासष्टीची. पोळ्याच्या आधी तिला लकवा मारला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दोघींचे नवरे कधीच वर गेलेले. दैवशालेचा मुलगा महारुद्र सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिथं एका खोलीत बायकापोरांसह राहायचा आणि रविवारी येऊन आईचे पाय दाबून जायचा. बाकीचे सहा दिवस तानुबाई एकटी. तिचे स्वतःचे गुडघे असे की चुलीपुढून उठताना दोनदा देवाचं नाव घ्यावं लागे. तरी दैवशालेला दुसऱ्याच्या हाती द्यायचं तिच्या मनात नव्हतं. दैवशाला तिला 'बाई' म्हणे; चाळीस वर्षं दोघी एका छपराखाली भांडल्या होत्या, आणि इतकं चांगलं भांडणारं माणूस काही पुन्हा मिळत नाही.

एका रविवारी महारुद्रानं विषय काढलाच.

"मोठी माय, परभणीत लकव्याच्या मानसाला ठेवून घेत्यात म्हनं. रातंदिस शिस्टर असत्यात. दोन जागा हायत. मला त्यातलं कळत न्हाई, तू बघून ये. तू हाव म्हनलीस तर नेऊ, न्हाई म्हनलीस तर न्हाई."

दुसरं काही बोलला असता तर तानुबाईनं त्याला चांगला फैलावर घेतला असता. पण 'तू बघून ये' म्हटल्यावर तिचा इलाज चालेना. आचाऱ्याला चव बघ म्हटलं तर तो नको म्हणतो का?

पहिल्या जागेचा निकाल दहा मिनिटांत लागला. भरदुपारी दारातच उदबत्त्यांचा धूर. "देव तर दिसंना कुठं, मंग उदबत्ती कुनाला?" असं पुटपुटत ती आत शिरली. एका बाईचा उजवा हात लुळा पडलेला, आणि पाण्याचा पेला नेमका उजवीकडे. तिच्या उशाची बेल तानुबाईनं दाबली. तानुबाईजवळ घड्याळ नसे. वेळ मोजायची तिची तऱ्हा अशी की मनातल्या मनात झरीच्या मारुतीच्या पारापासून निघायचं आणि एकेक घर घेत चालायचं. ती एसटी स्टँडला पोचली, माघारी फिरली, पुन्हा पारावर येऊन टेकली, तरी कुणी आलं नाही. मागच्या बाजूला बावीस खाटांच्या मानानं चादरी वाळत होत्या दोन. पेला त्या बाईच्या डाव्या हाताशी ठेवून तानुबाई बाहेर पडली. खरं सांगायचं तर मनातून ती खूश होती.

दुसरी जागा जिंतूर रोडला, एका ट्रस्टची. तिथं मात्र घात झाला. जिकडे बघावं तिकडे सगळं बराबर. अंगणात चादरींच्या ओळीच्या ओळी. तिनं तीन म्हाताऱ्यांचे हात मायेनं हातात घेतले; तिघींची नखं काढलेली, एकीची तर रंगवलेली. पेले ज्याच्या त्याच्या चालत्या हाताशी. तानुबाईचं तोंड उतरत चाललं. एकही खोट नाही म्हणजे काय? माणसं आहेत का कोण आहेत?

शेवटी तिनं ठेवणीतला डाव काढला. "चक्कर यायलीय," म्हणून ती एका रिकाम्या खाटेवर आडवी झाली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून उशाचा पेला उचलला, स्वतःच्या खालच्या चादरीवर शेवटच्या थेंबापर्यंत ओतला आणि बेल दाबली. केस पांढरे झालेली बाई, आणि अंथरूण ओलं करून हसू दाबत पडलेली. आता कुणीतरी खेकसेल, नाक मुरडेल, निदान एक उसासा तरी टाकेल, म्हणजे आपण घरी जायला मोकळ्या. मनातल्या मनात ती पारावरून निघाली. परमेश्वर न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचते न पोचते तोच निकिता नावाची तिथली मदतनीस बाई समोर हजर.

"झालं का आजी? व्हतंय की. असू द्या," ती म्हणाली आणि तिनं पडदा ओढला. गुडघा दुमडला, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे, आणि काय होतंय ते कळायच्या आत तानुबाई कुशीवर. ओली चादर गुंडाळत पाठीशी आली, तिच्यामागोमाग कोरडी. मग दुसरी कूस, आणि संपलं. कुठं ओढलं नाही, कुठं दुखलं नाही. जाता जाता निकितानं तिचे पाय कोरड्या फडक्यानं टिपले.

तानुबाईला असं कुणी हाताळल्याला जमाना झाला होता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिला भयंकर राग आला. रोज सकाळी ती दैवशालेचा चालता हात धरून, दातओठ खाऊन, पोतं ओढावं तशी तिला ओढत होती. ते आठवलं आणि राग आणखी वाढला.

इथल्या मुख्य सिस्टर मंजुषाबाई. पन्नाशीच्या, चष्मा कायम कपाळावर. त्यांनी विचारलं, "मग मावशी, कसं वाटलं?"

"चांगलं हाय. पन आमाला पसंत न्हाई."

"काय कमी दिसलं?"

तानुबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "वरनात मीठ कमी हाय."

"तुमी वरन खाल्लंच न्हाई."

"वासावरून कळतंय आमाला."

मंजुषाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वासावरून आमालाबी कळतंय, मावशी. तुमच्या चादरीला कसलाच वास न्हवता."

दाराशी उभी असलेली निकिता ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. तानुबाई पायात चपला घालायला लागली.

"आन् आमीबी पेशंट बघितल्याबिगर हो-न्हाई म्हनत न्हाई," मंजुषाबाई म्हणाल्या. "झरीलाच ना घर?"

"या की. सांगून या, पोहे करते," असं म्हणून तानुबाईनं काढता पाय घेतला आणि संध्याकाळी महारुद्राला फोनवर कळवून टाकलं, दोन्ही जागा नापास.

मंजुषाबाई सांगून आल्या नाहीत. गुरुवारी दुपारी तीनला, दोघी जावा डोळा लागून पडल्या असताना, दारात आवाज आला, "जरा पानी मिळंल का?"

तानुबाई दचकून उठली. उठता उठताच तिला सगळा डाव कळला, आणि आपली वेळ मोजली जातेय हेही कळलं. देवाचं नाव दोनदा घ्यायलासुद्धा फुरसत नव्हती. भिंत धरून ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तांब्या घासलेला होता, एवढी देवाची मेहेरबानी. मंजुषाबाई पाणी प्यायल्या. परसातल्या दोरीकडे पाहिलं. तिथं एकच चादर होती. मग त्या दैवशालेच्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी मायेनं तिचा हात हातात घेतला. नखं बारीक काढलेली, स्वच्छ. तानुबाईच्या जिवात जीव आला.

"जाऊबाई नीट बघती का तुमाला?" मंजुषाबाईंनी विचारलं.

दैवशाला एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी बोलली. "लय... जपती. बाईला... काई बोलू नका."

जाऊबाईला बोल लावायची गोष्ट तर कुणी काढलीच नव्हती. मंजुषाबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग निकितानं केलं होतं तसंच त्यांनी दैवशालेला अलगद कुशीवर घेतलं आणि लुगडं सरकवलं. माकडहाडावर तळहाताएवढी लाल जखम होती, मध्ये फुटलेली, आणि तिच्यावर पावडरचा पांढरा थर.

ती जखम तानुबाईला महिनाभरापासून ठाऊक होती. रविवारी महारुद्र यायच्या आधी ती दैवशालेला उताणी निजवून गळ्यापर्यंत पांघरूण घालत असे. लोकांची घरं नापास करण्यात जन्म गेला, आता आपलं घर कुणी नापास करेल याची भीती. आणि त्याहून मोठी भीती ही की जखम दिसली की दैवशालेला उचलून नेतील आणि आपण या घरात एकट्या उरू. आता लाजेनं तिची मान वर होईना.

"दिवसातून किती बारी कूस बदलता?"

"सकाळी एकदा," तानुबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा माझ्यानं व्हत न्हाई." हे तिनं कुणाला पहिल्यांदाच सांगितलं, आणि मग तिला थांबता येईना. "गुडघे उचलंनात. एकदा उचलाया गेले तर दोघीबी खाली पडलो. तासभर तशाच. मी रडायले आन् ही हसायलीती."

भिंतीकडं तोंड असलेली दैवशाला तेवढ्यावरही खुदकन हसली.

"दर दोन तासाला बदलावी लागती," मंजुषाबाई म्हणाल्या. "आमी पाळीपाळीनं तिघी करतो, तरी थकतो. एकल्या मानसाचं काम न्हाई हे मावशी. तुमचा कसूर न्हाई. पन हितं ठेवली तर जखम हाडापातूर जाईल."

"आन् तुमच्याकडं?"

"भरंल. टाइम लागंल, पन भरंल."

तानुबाईनं पदरानं नाक पुसलं. मग ती खाटेजवळ गेली आणि नेहमीच्या भांडणाच्या आवाजात, पण हळू म्हणाली, "दैवशाला, जातीस का गं?"

 मग दैवशाला म्हणाली, "तिथं... भांडू कुनासंगं, बाई?"

 तानुबाईनं पदर सारखा केला, कमरेत खोचला आणि मुलीकडची वडीलधारी बाई बोलते त्या ठसक्यात ती मंजुषाबाईंकडे वळली.

"शिस्टर, आमच्यात पोरगी पहिल्या बारीला सासरी निघाली की तिच्यासंगं पाठराखीन जाती. तिचं खानं-निजनं सासरकडं. तुमच्याकडं पाठराखिनीला ठेवून घेत्यात का?"

मंजुषाबाईंनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा कपाळावर चढवला. "काम येतं का तिला काई?"

"चादरी धुती. म्हाताऱ्यांची नखं काढती. कूस बदलायचं शिकून घेईल."

"घेत्यात की मंग," मंजुषाबाई म्हणाल्या. "पोरगी तिथं रुळंपातूर पाठराखीन ऱ्हातेच."

त्यावर दैवशाला, भिंतीकडचं तोंड न वळवता, जड जिभेनं पण दोघींना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "मी... रुळनार न्हाई."