हरायला परळीला निघालेली टीम

"तू येच. आमची एक मॅच आहे आणि ती जिंकायची की हरायची यावरून गावात दोन तट पडलेत." सुनंदाच्या फोनवरचं हे वाक्य ऐकून मी लगेच रजा टाकली. सुनंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. युसूफ वडगावच्या शाळेत ती खेळ शिकवते. तिशीत भेटी राहून गेल्या, चाळिशीत फोनही आटले, आणि आता भेटायला निमित्त मिळालं ते असं.

दसरा नुकताच झाला होता. पुण्याहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या बसने निघालात तर नगर, जामखेड करत मांजरसुंब्याला येता. खिडकी डाव्या बाजूची धरा, दुपारचं ऊन चुकतं. मांजरसुंब्याच्या चौकात ढाबे एकाला एक लागून आहेत. मी शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी घेतली. दोनशेच्या आत पोट भरतं, मात्र तिखट कमी सांगायचं धाडस करू नका, वाढणारा आजारी आहात का विचारतो.

शेजारच्या बाजेवर दोन ट्रकवाले जेवत होते.

"वडगावात पोरी उलथनं घेऊन पळतेत म्हणं, खरं का बे?"

"उलथनं न्हाई बे. परदेशी खेळ हाय. आपल्या जिल्ह्याचा नंबर लागलाय त्यात."

"कितवा?"

"शेवटचा."

"मंग बरंय. शेवटच्याला कायतरी भेटतं."

मला तेव्हा हे नुसतं हसण्यावारी वाटलं. दुसऱ्याच दिवशी कळलं की अख्ख्या प्रकरणाचं सार मी तिथेच भाकरीबरोबर खाल्लं होतं.

केजला उतरून वडापच्या जीपने युसूफ वडगाव. जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी कोथिंबीर येते, ती सांभाळायची, उतरताना परत द्यायची.

खेळाचं नाव हर्लिंग. आयर्लंडचा. लाकडी काठी, टोकाला पसरट, खरंच उलथन्यासारखी. चामड्याचा छोटा चेंडू काठीने हवेत उडवायचा, काठीवर तोलत पळायचं. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. गावचा एक जावई तिकडे नर्स आहे. सुट्टीत येताना त्याने दोन काठ्या आणल्या, सुनंदाने त्या सुताराला दाखवल्या, सुताराने बाभळीच्या करून दिल्या आणि खेळ सुरू झाला. बाभळीच्या काठ्या इतक्या जड की पहिल्या महिन्यात मुलींचे दंडच तयार झाले. तिकडे मुलींच्या खेळाला निराळं नाव आहे म्हणे. युसूफ वडगावने तेवढा बारकावा केलेला नाही.

राज्यात हा खेळ खेळणारे जिल्हे तीन. पहिला बराच पुढे. उरलेल्या दोघांत जो हरेल त्याला राज्य संघटना 'दुबळा जिल्हा' जाहीर करते, आणि दुबळ्याचा दर्जा उंचावण्यासाठी वर्षभर काठ्या, चेंडू, पाहुणे प्रशिक्षक आणि मुलींना रोज दूध-अंडी देते. जागा एकच. गेल्या वर्षी ती बीड जिल्ह्याने, म्हणजे सुनंदाच्या शाळेतल्या मुलींनीच, मिळवली होती.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर अण्णा आले. अण्णा म्हणजे गावचे मोठे बागायतदार आणि जिल्हा हर्लिंग संघटनेचे अध्यक्ष. चेंडू त्यांनी अजून हातात धरलेला नाही. पांढरे कपडे, मागे दोन माणसं.

"मॅडम, आपला तालुका दुष्काळी यादीत बसवायला आमी किती मोर्चे काढले, म्हाईत हाय का तुमाला? रस्त्यावर झोपलोत. तवा कुठं नाव आलं. आता न मागता दुबळे जाहीर झालोत, अन् तुमी जिंकायला निघालात!"

"अण्णा, पोरींना हरा म्हणून कसं सांगू?"

"हरा कावून म्हणता? हलकं खेळा म्हणा. सुधारणा दिसली पायजे, पर जिंकाय न्हाई पायजे."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. कारण माणूस चुकीचं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. ती दूध-अंडी खरी होती.

रात्रीच्या जेवणाआधी सुनंदा मला शीतलच्या घरी घेऊन गेली. शीतल तेरा वर्षांची, टीमची कर्णधार, दोन वेण्या, गुडघ्याला हळद. तिचे आईवडील दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे मिळून एक 'कोयता' म्हणतात, आणि कोयत्यामागे आलेल्या मुलीने स्वयंपाक, पाणी आणि धाकटं भावंड बघायचं. शाळा आणि खेळ तेवढे महिने बंद. या वर्षी शीतलने आजीजवळ गावातच राहायचा हट्ट धरला होता.

"जिंकली तर ऱ्हा म्हणलोय," तिचे वडील म्हणाले. त्यांना ती बापू म्हणते. "हरली तर चल मुकादमाच्या ट्रॅक्टरमधी. हरणाऱ्या खेळापायी पोरगी मागं ठिवली म्हणल्यावर लोक हसतेत."

"जिंकतो की आमी, बापू," शीतल म्हणाली, आणि मला चहात साखर पुरेशी आहे का विचारलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जिंकल्या तर शीतल राहणार आणि खेळच जाणार. हरल्या तर खेळ राहणार आणि शीतल जाणार. असं त्रांगडं मी घरात, ऑफिसात बरंच पाहिलंय, पण त्याला कधी दूध-अंडी जोडलेली नव्हती.

सकाळी टेम्पोत मुली, काठ्या, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी. अंबाजोगाईचा घाट उतरताना दोघींना उलटी झाली, तेव्हा आल्याच्या वड्या जवळ ठेवा. अण्णा आपल्या गाडीत पुढे, बापू टेम्पोच्या मागच्या फळीवर. परळीत शिरताच औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि थोड्याच वेळात दातांखाली राख कचकचते. आधी वैजनाथाचं दर्शन झालं. अण्णांनी बराच वेळ डोळे मिटले होते. ते काय मागत होते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बाजूला आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या शेजारच्या जिल्ह्याचे अध्यक्षही डोळे मिटून उभे होते. ते काय मागत होते, ते मैदानावर कळलं.

शिट्टी झाली आणि दुसऱ्या बाजूचे सर ओरडायला लागले, "जाऊ द्या, जाऊ द्या तिला!" इकडून अण्णा, "शीतल, हळू पळ की गं, दम लागंल!" त्यांच्या मुली चेंडू मुद्दाम बाहेर मारत होत्या. त्यांनाही दुबळं व्हायचं होतं. आमच्या काहीजणी अण्णांकडे बघून काठी हवेत फिरवायच्या. पंच बिचारे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असे बघत होते, जणू त्यांनाच कुणी नियम सांगेल. मध्यंतरापर्यंत गुण शून्य-शून्य. परळीचे चार प्रेक्षक उठून गेले.

मध्यंतरानंतर शीतलने चेंडू काठीवर तोलून धरला आणि सुटली. एकीला चुकवलं, दुसरी स्वतःहूनच बाजूला झाली. समोर गोल, आणि गोल रिकामा. त्यांची गोलरक्षक सरांच्या इशाऱ्यावर बाहेर जाऊन बुटाची नाडी बांधत बसली होती. मारला की तीन गुण. मारला की आजीचं घर. सुनंदाने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले.

शीतल थांबली. चेंडू खाली टाकला.

"ये! गोलात ये की!"

"सर न्हाई म्हणलेत," ती मुलगी बसल्याबसल्या म्हणाली.

"सर खेळायलेत का तू?"

मुलीने सरांकडे पाहिलं, शीतलकडे पाहिलं, मग उठून गोलात जाऊन उभी राहिली. शीतलने सगळी ताकद लावून मारला आणि त्या पोरीने छातीवर अडवला. "आयो!" ती ओरडली आणि हसली.

त्यानंतर जे झालं त्याला मी खेळ म्हणेन. दोन्ही अध्यक्ष ओरडत राहिले, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. बाभळीवर बाभूळ आपटल्याचा आवाज येत होता, राख उडत होती, एक चेंडू माझ्या नडगीवर बसला. बापू कधी फळीवरून उतरून रेषेवर आले ते मला दिसलंच नाही. ते ओरडत होते, "मार की गं! मार!"

आम्ही एका गुणाने हरलो. खरंखुरं.

अण्णांनी मुलींना हार घातले. जिलबीची टोपली आधीच सांगून ठेवलेली होती. मुली रडत रडत जिलबी खात होत्या आणि पलीकडे जिंकलेल्या मुली आपल्या सरांची बोलणी खात होत्या. शीतल रडली नाही. परतीच्या टेम्पोत ती बापूंशेजारी फळीवर बसली.

"रिकामा व्हता गोल," बरंच अंतर गेल्यावर बापू म्हणाले. "मारायचा व्हता."

"रिकाम्यात काय मारायचं, बापू?"

अंबाजोगाईला टेम्पो थांबला. तिथे उतरून त्यांनी तिला सोडा लेमन पाजलं.

मी पुण्याला परतले. नडगीवरचा वळ निळा, मग पिवळा झाला. ऑफिसात कुणी विचारलं की मी "जिन्यावर आपटलं" म्हणायचे. खरं सांगितलं असतं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. एवढी वर्षं मी कुणाला दुबळी दिसू नये म्हणून जिने असेच वापरत आले आहे, हे त्या दिवसांत रोज मलम लावताना डोक्यात यायचं.

दिवाळी झाल्यावर सुनंदाचा फोन आला. मुकादमाचा ट्रॅक्टर येऊन गेला होता. बापू आणि त्यांची बायको भांडी, गोधड्या, धाकट्याला घेऊन चढले. मुकादमाने विचारलं, पोरगी कुठंय?

"तिला न्हाई नेता येत," बापू म्हणाले. "दुबळी जाहीर झालीय ती. जिल्ह्याच्या यादीत नाव हाय. तिला रोज अंडं खावं लागतं."

"अन् मुकादम?" मी विचारलं.

"मुकादम म्हणाला, आमच्या पोरीचं नाव घालता येतंय का बघा."