सासूचा बिल्ला

अमळनेरच्या कापसाच्या जिनात झुलाल मुकादम होता, तेव्हा गेटवर हजेरी घ्यायला त्याला कोणाला नाव विचारावं लागत नसे. हिवाळ्यात बाया तोंडाला पदर गुंडाळून येत, नुसते डोळे उघडे. तरी हा लांबूनच ओळखी. कोण घरी भांडून आली, कोणाचं पोर तापलंय म्हणून पाय ओढतेय, बठ्ठं याला ठाऊक. बोरीकाठच्या खेड्यातून तो मिसरूड फुटायच्या आत रुईच्या गाठी ढकलायला आला, आणि या डोळ्यांच्या जोरावर मुकादम झाला. हमाल घामानं भिजत तेव्हा हा सावलीत शिट्टी घेऊन उभा राही, आणि हंगाम संपल्यावरही त्याचा पगार चालू राही. त्याला त्याचं भारी सुख होतं.

दिवाळीला जिन सुरू व्हायचं, उन्हाळ्यात आखाजीला, अक्षय तृतीयेला, बंद. बाया कपाशीच्या ढिगात मांडी घालून बसत आणि कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून वेगळा काढत. प्रत्येकीला पितळेचा बिल्ला. बिल्ल्यावर नंबर, नंबराला नाव, नावाला रोज. मोठे शेठ उत्तमचंद यांनी मागं एकदा संप झाला तेव्हा कबूल केलं होतं, की दहा हंगाम काढलेल्या बाईला जुन्या हाताचा रोज मिळेल. तो नव्या हातापेक्षा बराच वर होता.

आता बायांचा आपला एक रिवाज. सासूचे हात थकले, डोळ्याला दिसेनासं झालं, की ती हंगामाच्या मुहूर्ताला आपला बिल्ला सुनेच्या पदराला बांधी आणि वर कुंकवाचं बोट लावी. घरातल्या पाटल्या सुनेकडे जाव्यात तसाच. बिल्ल्याबरोबर सासूचं नाव जाई, आणि नावाबरोबर जुन्या हाताचा रोजही. पगाराच्या दिवशी मुनीम ओरडे, "सुपडाबाई!" आणि सुपडाबाईची सून बेबाबाई हात पुढं करी. सुपडाबाई वर गेलेली. यात चोरी आहे असं कोणाच्या मनातही येत नसे.

पण हे सुरू झालं झुलालच्या घरातून. त्याची आई झुंबरबाई, इथंच कवडी वेचणारी, भर हंगामात खोकून खोकून गेली. शेठ स्वतः बोरीच्या काठावर मातीला आले होते. सुतक फिटलं आणि झुलालनं तिचाच बिल्ला बायकोच्या, लताबाईच्या पदराला बांधला. त्या पगाराला गादीवर शेठच बसलेले. मुनीमानं हाक मारली, "झुंबरबाई!" लताबाई पुढं झाली. शेठनं तिच्याकडं पाहिलं, मग झुलालकडं पाहिलं.  शेठनं पैसे तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "घे झुंबरबाई. काम नीट करजो."

एवढंच. नंतर दुसऱ्या घरांत सासवा थकल्या तेव्हा झुलाल त्यांना सांगे, "बिल्ला तसाच चालू द्या. शेठले ठाऊक शे."

शेठ गेले. पुण्याला शिकलेला मुलगा प्रकाशचंद गादीवर आला. माणूस वाईट नव्हता. सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीत मुहूर्ताला त्याच्या मनात आलं, वडलांच्या नावानं सगळ्यात जुन्या तीन कामगार बायांना लुगडं-नारळ द्यावं. झुलालला म्हणाला, "मुकादम, सगळ्यात जुन्या तिघींची नावं द्या."

झुलालनं सगळ्यात लहान नंबरचे तीन बिल्ले आठवले आणि नावं सांगून मोकळा झाला. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात बिल्ला म्हणजेच बाई झाली होती. आपण काय करून बसलो हे मांडवात पहिलं नाव पुकारलं तेव्हा कळलं.

"सुपडाबाई! या जिनात तीस वर्षं!"

बेबाबाई उठली. कडेवर पोर, तोंडात अर्धं चावलेलं पान, वय तिशीच्या आतबाहेर. ठसक्यात खुर्च्यांपुढं जाऊन उभी राहिली. पाहुण्यांत बँकेचे मॅनेजर होते. ते म्हणाले, "बाई, पाळण्यातूनच कामाला लागलात की काय?"

मांडव हसला. बेबाबाईला कळेना.

"काय व्हयनं? नाव तं मनंच लिधं ना?"

"तुमचं नाव सुपडाबाई?" प्रकाशचंदनं विचारलं.

"ती मनी सासू. मरी गयी, मोप सालं व्हयनात. पन बिल्ला मनाच शे!" आणि तिनं पदराची गाठ वर करून दाखवली.

पाहुणे आणखी हसले. प्रकाशचंदचं तोंड लालभडक झालं. लुगडं हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी लागायची होती. झुलाल पहाटेच उठला, झोपलेल्या लताबाईच्या पदराचा बिल्ला सोडला आणि ऑफिस उघडताच प्रकाशचंदच्या टेबलावर ठेवला.

"आई वारली शेठ माझी. उन्हाळ्यात. बिल्ला जमा करायचा राहिला होता."

प्रकाशचंदला काय माहीत? झुंबरबाईच्या मातीच्या वेळी तो पुण्याला होता. "अरेरे," म्हणाला. मग म्हणाला, "मुकादम, या बाया मेलेल्या सासवांच्या नावानं पगार उचलत होत्या. तुम्हाला माहीत होतं?"

झुलालला खुर्चीमागं मोठ्या शेठचा हार घातलेला फोटो दिसत होता.

"नाही शेठ. मी बिल्ला बघतो, तोंड नाही बघत."

बोलून गेला. तोंडं बघून मुकादम झालेला माणूस.

हुकूम निघाला. सासूच्या नावावर जेवढं जास्त उचललं तेवढं परत करायचं. दर हप्त्याला पगारातून कापणार. मान्य नसेल तिनं बिल्ला ठेवून चालू लागावं, आणि फार बोललं तर पोलीस आहेतच. आणि आता रोजही नव्या हाताचा. म्हणजे बाईच्या हातावर उरायचं काय, तर तिखट-मिठापुरतं.

बाया झुलालकडं आल्या. पुढं बेबाबाई.

"झुलालभाऊ, तूच सांगं व्हतं ना, बिल्ला चालू द्या म्हनीसन? मोठा शेठले ठाऊक व्हतं. आमनं कोनी आयकत नही. तू बोल ना एकदाव."

"बोलसू ना. शेठनं डोकं थंडं व्हऊ दे."

शेठचं डोकं थंड झालं, संक्रांत गेली, झुलाल बोलला नाही. पगाराच्या दिवशी तो टेबलाशेजारी उभा राही. आता मुनीम खरी नावं पुकारी. बेबाबाई पैसे घेई, मूठ मिटी आणि याच्याकडं न बघता निघून जाई. तिनं शिव्या दिल्या असत्या तर याला बरं वाटलं असतं. तिची जीभ सगळ्या जिनात नावाजलेली होती, पण त्याच्यावर ती चालेना, कारण तिला अजून वाटत होतं की भाऊ बोलेल. ते त्याला जास्त टोची. गेटवर हजेरी घेताना तो आता खरंच तोंडं बघेनासा झाला. नंबर विचारी.

घरी लताबाई. तिला त्यानं सांगितलं होतं, शेठनं तुला काढलं. पण अमळनेरसारख्या गावात असं किती दिवस झाकून राहणार?

एके दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "बेबाबाई उन्ही व्हती. पीठ मांगे. मी दिधं."

"बरं कयं."

"मांगे ती, अन् लाज वाटनी माले. तिना पगार कटस, मना काब्रं कटत नही, हाई तिले कोनी सांगं तं मी काय तोंड दखाडू?"

झुलालनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तिथंच धरून ठेवला.

"तुमनी माय मरी तवय मोठा शेठ नदीवर येल व्हता. तुमले बोलाले काय व्हस?"

"नोकरी जाई मनी."

"जाऊ द्या. तुमले कोठे गोड लागी ऱ्हायनी ती?"

त्याच आठवड्यात बेबाबाई जळगावच्या कामगार ऑफिसात जाऊन आली. तिथला साहेब म्हणाला होता, मालकाला माहीत असून तो देत होता असं कोणी जबाबदार माणूस सांगेल, तर ही वसुली थांबवायला मला आधार मिळेल. बायांचं एकटं चालणार नाही. मुकादमाला आणा.

"सोमवारले चाल," बेबाबाई म्हणाली. "एक वाक्य बोलानं शे. तिकीट आम्ही काढसूत."

सोमवारी झुलाल एसटीत बसला. तिकीट स्वतःचं स्वतः काढलं. बाया वाटेत हरखल्या होत्या, एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. एकीनं त्याला शेंगा दिल्या. त्या त्याच्या हातात जळगावपर्यंत तशाच राहिल्या.

साहेबासमोर त्यानं सांगितलं. मोठ्या शेठला माहीत होतं. मलाही होतं. मीच बायांना सांगितलं होतं.

साहेबानं लिहून घेतलं आणि मान वर केली. "मोठ्या शेठला माहीत होतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

आता आलं. हे सांगितल्याशिवाय वरचं सगळं वाऱ्यावर होतं. बाया मागं भिंतीला लागून उभ्या होत्या.

"माझ्या आईच्या मातीला ते आले होते. तरी तिच्या नावाचा पगार त्यांनी माझ्या बायकोच्या हातावर ठेवला. स्वतः."

"मग तुमच्या बायकोकडूनही वसुली चालू असेल."

"नाही साहेब. चौकशीच्या आधी मी तिचा बिल्ला परत केला. आई आत्ता वारली म्हणून सांगितलं. आणि बायांचं मला ठाऊक नाही म्हणालो."



साहेब म्हणाला, नोटीस काढतो, पुढची कपात थांबेल. कापून झालंय ते हवं असेल तर कोर्टात जावं लागेल. मग झुलालकडं बघून म्हणाला, "तुमच्या नोकरीचं काही मी सांगू शकत नाही." झुलालला ते ठाऊकच होतं.

परतीच्या गाडीला तोबा गर्दी. झुलालला खिडकीशी जागा मिळाली, शेजारची सीट रिकामी राहिली. बाया तिच्या कडेलाच दांड्याला धरून उभ्या, म्हणून मागच्या गर्दीला ती दिसेना. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"ओ बाई, सीट खाली आहे. बसा की."

"आम्ही उभ्याच बऱ्या," बेबाबाई म्हणाली.

"अमळनेरपर्यंत?"

"व्हय. अमळनेरलोंग."

झुलाल उठला. "बठ बेबाबाई. मी उभा ऱ्हास."

ती पहिल्यांदा त्याच्याकडं बघून बोलली. "तू पोस महिनामा बोलता, तं मी आज तुना पाय धरती, झुलालभाऊ. आते बठ तू. नहीतं उभा ऱ्हाय. आम्हले काय?"

तो उभाच राहिला. दोन्ही जागा रिकाम्या. पाळधीला एक म्हातारा भरताच्या वांग्यांची टोपली घेऊन चढला, इकडं-तिकडं पाहिलं, टोपली एका सीटवर ठेवली, दुसऱ्या सीटवर स्वतः बसला आणि खूश होऊन झुलालला म्हणाला, "कितली गर्दी दख! अन् माले दोन जागा!"