डॉक्टरांच्या बायकोची दाढ

जावयाने ओव्हनचं बटण सरळ केलं आणि तिथून सगळं बिघडलं.

तसं त्या बटणाचं काही फार वाईट झालेलं नव्हतं. सैल होऊन ते आपल्या जागेवरून थोडं फिरलं होतं, एवढंच. त्यामुळे त्यावरचा आकडा एक सांगायचा आणि आतली आग भलतंच काही करायची. जावई लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यातला. तिसऱ्या मजल्याचं बटण दाबल्यावर माणसाला चौथ्यावर उतरवणाऱ्या लिफ्टकडे तो ज्या नजरेने बघे, त्याच नजरेने तो कित्येक महिने सासुरवाडीच्या त्या ओव्हनकडे बघत आला होता. शेवटी त्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कोणी नाही असं पाहून त्याने खिशातला बारीक पेचकस काढला, बटण उपटलं, खुणेला खूण जुळवली आणि पेच आवळून टाकला. कोणाला बोलला नाही. आज कुकीज कशा एकसारख्या भाजल्या गेल्या, असं सासूबाई आपण होऊन म्हणतील, मग आपण मान खाली घालून ‘किरकोळ काम होतं’ म्हणायचं, एवढं त्याने मनाशी ठरवूनही ठेवलं होतं.

सासूबाईंनी पीठ मळलं, कुकीज थापल्या आणि लग्नानंतर दरवेळी लावत आल्या तसं बटण सातावर लावलं. सात म्हणजे खरं पाच, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. सात म्हणजे आता सातच, हे त्यांना कोण सांगणार? ट्रे आत सरकवून त्या खाली दवाखान्यात गेल्या.

त्या घराची रचनाच तशी होती. खाली सासऱ्यांचा दातांचा दवाखाना, वर बिऱ्हाड, आणि मधे आतला जिना. खालून लवंगेच्या तेलाचा वास वर यायचा, वरून लोण्याचा वास खाली जायचा. जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. तिथे उभं राहिलं की आपल्याला भूक लागली आहे की दाढ दुखते आहे, हे पटकन कळत नसे.

डॉक्टर दात बघत आणि बाकीचं सगळं सासूबाई. दार उघडणं, घाबरलेल्याला बसवणं, अवजारं उकळणं, रडणाऱ्या पोराचं तोंड उघडवणं. पेशंट त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. खुर्चीतून उतरलेल्या प्रत्येक पोराला त्या हातात एक कुकी ठेवत, घरची, ओट्स आणि बेदाणे घातलेली. यावरून गावात थट्टा चाले की नवरा खड्डे बुजवतो आणि बायको नवे खणून ठेवते, धंदा बसायचा कसा? पण डॉक्टरीणबाईंचा कायदा कडक. कुकी संपली की दाराजवळच्या बुटक्या बेसिनपाशी उभं राहायचं आणि त्यांच्या देखत दात घासायचे. आई-बाप घाईत असले तरी सुटका नाही. उलट एखादा बाप फार घड्याळ बघायला लागला तर त्याच्याही हातात ब्रश येई.

घरच्यांसाठीही एक रविवार ठरलेला असे. वर्षातून एकदा दवाखाना बंद ठेवून डॉक्टर अख्ख्या कुटुंबाचे दात तपासत. मुलगी, जावई, सासूबाईंची नणंद, तिचा नवरा, सगळे ओळीने खुर्चीत. सासूबाई शेजारी दिवा धरून उभ्या. तपासणी झाली की वर कुकीज आणि चहा. जावयाला पहिल्या वर्षी ते सगळं अंगावर आलं होतं. लग्न ठरण्याआधी सासऱ्यांनी त्याला नोकरीबद्दल काही विचारलं नव्हतं, अक्कलदाढा आल्या का, हे मात्र विचारलं होतं.

आणि दरवर्षी सगळ्यांचं झालं की डॉक्टर हातमोजे न काढता म्हणत, “आता तू बस.” आणि सासूबाई जिन्याकडे वळत. दूध गॅसवर आहे. इतकी वर्षं त्या घरात तपासणीच्या दिवशी नेमक्या त्या क्षणी दूध उतू जायला आलेलं असे. डॉक्टरांनी गावातली सगळी तोंडं पाहिली होती, बायकोचं मात्र फक्त बोलताना.

त्या रविवारी दूध बाजूलाच राहिलं. नणंदेच्या नवऱ्याची कवळी चालू असताना सासूबाईंना जिन्यावरून वास आला, आणि त्या हातातला दिवा जावयाकडे न देता तशाच घेऊन निघाल्या. वायर ताणली गेली तेव्हा कुठे भानावर आल्या.

जावई मागोमाग वर गेला. सासूबाई ट्रे बाहेर काढून उभ्या होत्या. कुकीज जळल्या नव्हत्या. पण चांगल्या तपकिरी होऊन फरशीसारख्या बसल्या होत्या. त्यांनी एक उचलून ताटलीत टाकली तर ती खणखणली.

“माझा हातच गेला,” त्या हळूच म्हणाल्या. कोणाला उद्देशून नाही, ताटलीलाच.

ते ऐकून जावयाला राहवेना. त्याने बटणाचं सगळं सांगून टाकलं. तो जसजसा सांगत गेला तसतसा सासूबाईंच्या तोंडावरचा रंग परत येत गेला, पण तो काही फार चांगला रंग नव्हता.

“तुम्ही बटणाला हात लावलात?”

जावयाला लागलं ते प्रश्नाचं नव्हे, ‘तुम्ही’चं. पहिले सहा महिने त्या त्याला तुम्ही म्हणत, जावईबापू म्हणत. मग एकदा त्याने न सांगता मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा केला तेव्हापासून तो ‘तू’ झाला होता. ती बढती आज गेली.

“खायच्या लायकीच्या आहेत की नाहीत ते बघते,” असं म्हणून, आपल्या कुकीचं कोणी काही वाकडं करू शकत नाही हे त्याला दाखवायला, त्यांनी एक कुकी दाढेखाली धरली आणि चावली.

कट् असा आवाज आला. दोघांनाही वाटलं, कुकी मोडली. कुकी अखंड होती.

सासूबाई बेसिनकडे वळल्या. तळहातावर पांढरा तुकडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी तो पदराच्या टोकात बांधला, चूळ भरली आणि जावयाकडे बघितलं. “खाली एक अवाक्षर काढलंत तर याद राखा.”

जावयाने तोंडात गुळणी धरल्यासारखी मान हलवली.

चहाला त्या कुकीज पुढे आल्याच, कारण दुसरं काही नव्हतं. मुलीने चहात बुडवून ठेवली आणि विसरून गेली. नणंदेने पर्समध्ये टाकली. डॉक्टरांनी मात्र एक अख्खी खाल्ली. “छान झाल्यात आज,” म्हणाले, “जरा अंगाने भारी आहेत, पण छान.” आणि मग अंग मोडून आल्याचं सांगून पडायला गेले.

रात्री जेवताना कोणी बोलेना. हे त्या घरात अघटित होतं, कारण जेवण म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्याची वेळ. दिवसभरात पाहिलेली तोंडं ते पानावर वाढत. आजचं एक तोंड म्हणजे गळकी गच्ची. आज एक आला होता, आत बघितलं तर भूकंपानंतरचा बाजार. एका बाईच्या दाढा म्हणजे बस थांब्यावरची गर्दी, कोण कोणाच्या मागे तेच कळेना. डॉक्टर नावं कधी सांगत नसत, पण गावात माणसं ती किती, सगळ्यांना बरोबर कळे. मुलगी हसून हसून बेजार होई. सासूबाई मात्र वाढता वाढता ऐकत. त्या दिवशी डॉक्टर गप्प, सासूबाई गप्प, आणि जावई तर गप्प राहायला बांधलेलाच. मुलीला वाटलं, कुकीजवरून दोघांचं बिनसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावयाचा फोन वाजला तेव्हा तो एका लिफ्टच्या छतावर बसून तेल देत होता. सासूबाई होत्या. त्या तोंडाच्या एकाच बाजूने बोलत होत्या. “स्कूटर घेऊन या. गावाच्या त्या टोकाला एक दातवाला आहे.”

जावयाला आपण नीट ऐकलं असं वाटेना. दातांच्या डॉक्टरांची बायको दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे? चौकातल्या लोकांनी पाहिलं तर उद्यापासून सासऱ्यांच्या दवाखान्यात कोण पाऊल टाकेल?

“पण बाबा असताना—” स्कूटरवर बसल्यावर त्याने धीर करून विचारलं.

मागे बसलेल्या सासूबाई मुलीची ओढणी तोंडाभोवती घट्ट करत म्हणाल्या, “जेवताना तुम्हीही बसता ना पानावर? मला गळकी गच्ची व्हायचं नाही.”

जावयाने स्कूटर हळू केली. इतक्या वर्षांचं दूध कशासाठी उतू जात होतं, ते त्याला आत्ता कळलं.

तो दुसरा दवाखाना एका बैठ्या इमारतीत होता. सासूबाई बाकावर टेकल्या आणि तेवढ्या दुखण्यातही त्यांची नजर कामाला लागली. टेबलामागची मुलगी आलेल्या माणसाकडे मान वर करून बघत नाही. कुंडीतल्या प्लॅस्टिकच्या पानांवर धूळ. पोरांसाठी काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. त्या जावयाच्या कानाला लागून हे सगळं सांगत होत्या, एवढ्यात दार उघडलं. टोपी, काळा चष्मा आणि गालावर रुमाल धरलेला एक माणूस आत आला.

ते बूट ओळखून सासूबाईंनी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं न पाहिलं असं केलं, आणि मग त्यांना जावई दिसला.

“तुम्ही इथे?”

“लिफ्ट बघायला आलोय, बाबा.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. वर पत्रे होते. “या इमारतीला वरचा मजलाच नाही,” ते म्हणाले.

जावयाची दातखिळी बसली. ती सासूबाईंनी सोडवली. त्यांनी ओढणी खाली केली. “अहो, आणि तुम्ही इथे कशाला?”

डॉक्टर आ वासून बघत राहिले, पण दुखलं म्हणून लगेच तोंड मिटलं. इथला डॉक्टर आपला जुना वर्गमित्र, सहज भेटायला आलो, असं काहीतरी त्यांनी सुरू केलं. गालावर रुमाल धरून का, असं सासूबाईंनी विचारलं. तेव्हा खरं बाहेर आलं. कालची कुकी. डावीकडची खालची दाढ. स्वतःच्या तोंडात स्वतःला हात घालता येत नाही, नाहीतर कालच केलं असतं.

“आणि वर छान झाल्यात म्हणालात?”

“झाल्याच होत्या,” डॉक्टर म्हणाले. “दाढच कच्ची निघाली.”

सासूबाईंनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि तो पांढरा तुकडा त्यांच्यापुढे धरला. डॉक्टरांनी काळा चष्मा काढला. चांगलं निरखून बघितलं, धंद्याच्या सवयीने. मग बायकोकडे बघितलं, आणि ती नजर धंद्याची नव्हती.

“मला का नाही सांगितलंस?”

“जेवताना ऐकायला लागलं असतं.”

तेवढ्यात आतून वर्गमित्राने नंबर डावलून डॉक्टरांच्या नावाचा पुकारा केला. ते उठले, दाराशी थबकले. गावातल्या निम्म्या लोकांना मुंगी चावल्यासारखं वाटेल असं सांगून सुई टोचत आलेला तो माणूस दाराची मूठ धरून नुसता उभा राहिला. सासूबाईंनी सुस्कारा सोडला, ओढणी जावयाच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या.

पुढचं जावयाला अर्ध्या उघड्या दारातून दिसलं. त्यांनी कोणाला न विचारता दिवा धरला. डॉक्टरांनी सुई दिसण्याआधीच बायकोचा हात पकडला आणि लहान पोरासारखे पाय झाडले. वर्गमित्र हसायला लागला. “मोठं उघडा,” सासूबाई म्हणाल्या, “आणखी मोठं,” आणि दिवा जवळ नेऊन त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. सगळं कोपरान्‌कोपरा पाहून घेत असाव्यात.

बाहेर आल्यावर त्यांनी आपला नंबर रद्द करायला सांगितला. डॉक्टरांचा अर्धा ओठ बधिर होऊन लोंबत होता.

“माझी दाढ तुम्हीच भरायची,” त्या म्हणाल्या, “उद्या, दवाखाना उघडायच्या आधी. पण एक लक्षात ठेवा. माझं तोंड पानावर आलं, तर त्याच्या पाठोपाठ तुमचंही येईल. आता मीही पाहिलंय.”

डॉक्टरांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं म्हणून असेल, पण फार मनापासून हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. दिवा धरायला मुलगी होती. जिन्यावर उभ्या असलेल्या जावयाला आतून डॉक्टरांचा एकच शब्द दोन-तीनदा ऐकू आला, “दुखतंय?” आणि त्यावर सासूबाईंचं एकदाच, “भरा हो.”

रात्री जेवताना डॉक्टरांनी घसा खाकरला. सगळ्यांचे घास थांबले. ते म्हणाले, “आज एक दाढ भरली,” आणि सासूबाईंकडे बघून पुढे काही न बोलता भात कालवायला लागले. सासूबाईंनी त्यांना आग्रहाने वाढलेलं पाहून मुलीला वाटलं, बिनसलेलं मिटलं. त्या मात्र जावयाच्या पानाशी न थांबताच पुढे गेल्या.

जेवणं झाल्यावर जावई स्वयंपाकघरात गेला. सासूबाई ओव्हनपुढे पीठ थापत उभ्या होत्या. त्याने पाहिलं, बटण पुन्हा आपल्या जुन्या जागी वाकडं बसलं होतं. पेच आवळलेलाही नव्हता. तो पेचकस चाचपत दारातच उभा राहिला. दोन दिवसांचं तुम्ही-तुम्ही त्याला फार जड झालं होतं.

“आई, दुसरं काही सैल झालं असेल तर बघू का?”

सासूबाईंनी बटण सातावर फिरवलं आणि मागे वळून न बघता म्हणाल्या, “तू आपल्या लिफ्ट बघ.”