कौमुदीला बोलतं करताना

आमची कौमुदी म्हणजे तोंडाची फटाकडी. जयपूरच्या आमच्या मानसरोवर भागातल्या भाजीवाल्यापासून सगळ्यांशी तिच्या गप्पा. मी तिची सख्खी आत्या, जिभेला धार असलेली, पण मलाही ती हरवायची. अशी पोर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गप्प झाली.

तोंडी परीक्षेला तिने दांडी मारली. वर्गात कुणी प्रश्न विचारला की हात कापायचे, छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही. मग ती घरीच बसायला लागली. एक दिवस म्हणाली, "आत्या, कॉलेज सोडते मी."

"सोड की नंतर. आधी डॉक्टरकडे चल."

पण तिची आई, म्हणजे माझी भावजय मनीषा, मध्ये आडवी आली. भावाची बँकेत बदलीची नोकरी, पोर वाढली कोटा, अजमेर, जयपूर अशी. म्हणून मनीषाचा हेका, घरात मराठीच बोलायचं. कौमुदीच्या तोंडून "मतलब" निघालं की ही स्वयंपाकघरातून टोकणार. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी एक हिंदी बोलणारे डॉक्टर सुचवले, तर मनीषा म्हणे, "मनातलं दुखणं परक्या भाषेत कसं सांगेल ती?" मग मराठी डॉक्टरची शोधाशोध. त्यात कितीतरी दिवस गेले. मी चिडले, भांडले, पण बाई ऐकेल तर शपथ!

अखेर जयपुरातच मूळच्या नागपूरच्या डॉक्टर अमिता सापडल्या. आम्ही तिघी गेलो. बाई खरंच चांगल्या. मायेने म्हणाल्या, "काय होतं गं तुला?"

कौमुदी ओढणीचं टोक पिळत बसली. "मला... आतून... ते..." करत अडखळली, की मनीषा पुढचा शब्द हजर करायची. पोर आणखीच आक्रसली.

डॉक्टर मनीषाला म्हणाल्या, "तुम्ही थोडं थांबा." मग कौमुदीकडे वळल्या. "एकटी असतेस तेव्हा मनात कुठल्या भाषेत बोलतेस? त्यातच सांग."

आणि धरण फुटलं. "सबके सामने बोलना हो तो लगता है अभी मर जाऊँगी. घर आती हूँ तो वहाँ भी सोच-सोचकर बोलना पड़ता है. मैं थक गई हूँ."

मनीषाचा चेहरा पडला. इतके दिवस मी तिच्यावर धुसफुसत होते, पण त्या क्षणी मला तिच्याबद्दल फार माया वाटली. लेकीला आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं तेच देत होती ना बिचारी. मी तिचा हात धरला.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. दर आठवड्याला कॉलेजच्या त्या समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. गुण यायला वेळ लागेल, हेही बजावलं. लागलाच. कधी आठवडा बरा जायचा, कधी पोर पुन्हा पांघरुणात.

राहिलेली तोंडी परीक्षा पुन्हा लागली, त्या सकाळी मी त्यांच्याकडेच होते. कौमुदी तयार होऊन दारापर्यंत गेली आणि थबकली. मला वाटलं, संपलं, आता परत फिरणार. मनीषा पोळ्या लाटत होती.

"आई, बहुत डर लग रहा है. गेट तक चलोगी मेरे साथ?"

आपल्याला काय होतंय हे पोरीने आईला आपण होऊन पहिल्यांदाच सांगितलं होतं. मनीषाने गॅस बंद केला, पिठाचे हात तसेच पदराला पुसले आणि म्हणाली, "चल."