नळ्या शिकवणारे सर

जीवशास्त्राचे सर ‘पोकळी’ हा शब्द फार मायेने उच्चारत. डहाणूच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते मुलांना मैदानावर नेत, एकमेकांना खेटून गोल उभं करत आणि म्हणत, “सगळ्यांनी तोंडं आत करा. बघा, मधे पोकळी झाली. कोणी खोदली का? गर्भात पेशी अशाच वळतात, आणि नळी तयार होते.” मी शेजारी रसायनशास्त्र शिकवायचे, खिडकीतून बघत राहायचे.

मूत्रपिंडाचा धडा मात्र ते भरभर उरकत. “नळीने लांब व्हायचं, फुगायचं नाही,” एवढं म्हणून पान उलटत. त्यांची आई तलासरीकडच्या पाड्यावर पोट फुगून वारली होती. दोन हजार सोळा साली सरांच्या सोनोग्राफीतही तेच निघालं. दोन्ही मूत्रपिंडांतल्या नळ्या जागोजागी फुगून त्यांच्या पाण्याच्या गाठी झाल्या होत्या. पुढच्याच वर्षी वलसाडला डायलिसिस सुरू झालं.

सरांनी लग्न केलं नव्हतं. जवळची अशी एक धाकटी बहीण, मंगी. ती पाड्यावर भातशेती करायची. ती डहाणूजवळ सरावलीला त्यांच्या खोलीवर आली आणि म्हणाली, “माझ्याकडे दोन आहेत ना दादा. एक घे.” सर नको नको म्हणत राहिले. शेवटी तिच्या हट्टापुढे हरले.

तपासणीत मंगीच्याही मूत्रपिंडांत गाठी निघाल्या.

त्या दिवसापासून सरांचा धीर सुटला. “मी हो म्हणालोच नसतो, तर तिला कळलं नसतं,” हेच घोकत राहायचे. ज्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, ते मंगीला घेऊन पाड्यावरच्या देवऋषी भगताकडे गेले, हातात नारळ धरून बसले. मी विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाले, “बाई, या नळ्या आईच्या पोटातच बिघडल्या. आता कोणाच्याच हातात काही नाही, ते मला माहीत आहे. तरी गेलो.”

हा आजार आईबापांकडून पोरांत उतरतो, आणि मंगीची मुलगी दहावीत होती. तिला तपासायचं का, हा एकच प्रश्न उरला. डायलिसिसच्या खाटेवर सर मला म्हणत, “मंगीला सांगा, पोरीला तपासू नको. सुखाने राहू दे.” पुढच्या भेटीला म्हणत, “तपासायलाच हवं. रक्तदाब वेळेत सांभाळला, तर पुष्कळ वर्षं मिळतील.” मग माझा हात धरून विचारत, “आणि पोर खचली तर?”

एकोणीस साली सर गेले. बाराव्यानंतर मंगी मुलीला घेऊन कॉलेजात आली. मुलीला बाहेर बाकावर बसवून आत माझ्याकडे आली.

“बाई, दादा शेवटी काय म्हणाला?”

मी दोन्ही सांगितलं. तपास आणि तपासू नको.

“म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं,” असं मंगी म्हणाली, आणि मयतीतही न रडलेली ती बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.